पी.टी.च्या सरांबद्दल मुलांना विचारा

शाळेत पी.टी.च्या तासाचं मोजमाप होतं ते मुलांच्या शरीराचं. खेलो इंडियाच्या चाचण्यांत उंची, वजन, 50 मीटर, 600 मीटर, लवचिकता अशी सगळी नोंद होते. सरांकडून आपल्याला हुरूप मिळतो का, हे मात्र मुलाला कुणी विचारत नाही. ते विचारलंच पाहिजे: एका कागदावर प्रश्न द्यावेत आणि मुलांनी सरांना गुण द्यावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘मोबाइलनं पोरं आळशी झालीत, सर काय करणार?’ असं म्हणणाऱ्यानं संक्रांतीला येवल्यात यावं. भोगी, संक्रांत, कर असे तीन दिवस हीच पोरं हातात पतंगाच्या दोऱ्याची आसारी घेऊन उन्हातान्हात गच्चीवर असतात. हलकडी वाजत असते, खाली जेवायला यायचं कुणी नाव काढत नाही. कुणाचा पतंग काटायचा ते पोर स्वतः ठरवतं, दरवर्षी हात सुधारतो, शेजारी भावंडं असतात. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेच्या मुळाशी सांगितलेल्या तीन गरजा याच: स्वतः ठरवता येणं, जमतंय असं वाटणं, आपलेपणा. आणि शाळेच्या मैदानावर? दोन कप्तान गडी निवडतात. शेवटी उरलेली पोरगी दप्तरं राखत बसते. पुढच्या तासाला तिचं पोट दुखतं. यात आळस कुठे आला?

दुसरा आक्षेप वजनदार आहे. मुलं लाड करणाऱ्या सरांनाच भरभरून गुण देतील. ‘सर आवडतात का’ असं विचारलं तर देतीलच. पण विचारायचं वेगळंच असतं. हा व्यायाम कशासाठी, ते सर सांगतात का? चुकलं तर पुन्हा करून दाखवतात का? कधी खेळ निवडू देतात का? कडक सरांनाही इथे चांगले गुण मिळू शकतात. शिस्त कुठली आणि अपमान कुठला, हे सातवीतल्या मुलाला पक्कं कळतं.

सरांची अडचण खरी आहे: वर्ग भरलेला, चेंडू दोन, आणि तास गणितानं नेलेला. तीही याच कागदावर येऊ द्या.

कागदावर नाव नको, भरताना सर वर्गात नकोत. मुलींची सरासरी वेगळी काढावी, नाहीतर मैदानाच्या कडेला बसणाऱ्या दिसणारच नाहीत. निकाल आधी सरांच्याच हाती द्यावा. तो सरांच्या नोकरीच्या गोपनीय अहवालाला मुळीच जोडू नये. जोडला, तर पुढच्या वेळी सर शेजारी उभे राहून कागद भरून घेतील.