वचन कोणाचे, खजिना कोणाचा?

परराष्ट्रांशी करार करण्याचा व ते पाळण्याचा अधिकार आपल्या राज्यघटनेने केंद्राच्या हाती दिला आहे. संघसूचीतील 14 वी नोंद व 253 वे कलम यांविषयी संदेह ठेवीत नाहीत. तो अधिकारही सर्वस्वी निरंकुश नाही. बेरुबारीचा भाग पाकिस्तानला देण्याचा करार 1958 साली पंडित नेहरूंनी केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या अभिप्रायानुसार 1960 साली घटनादुरुस्ती करावी लागली.

परंतु या चौकटीबाहेर आता एक नवीच प्रथा रूढ होत आहे. राज्ये आणि नगरे स्वतःच आंतरराष्ट्रीय मंडळांना वचने देऊ लागली आहेत. 2021 साली महाराष्ट्र ‘अंडर टू’ या आघाडीत सामील झाला आणि राज्यातील अमृत योजनेखालील 43 शहरे ‘रेस टू झिरो’ या मोहिमेत दाखल झाली. तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आपले छत्रपती संभाजीनगर, त्यांत होतेच. उशिरात उशिरा 2050 पर्यंत निव्वळ कर्बउत्सर्जन शून्यावर आणावे, ही त्या मोहिमेची अट. खुद्द भारताने त्याच वर्षी ग्लासगो येथे जाहीर केलेली मुदत मात्र 2070 ची आहे. देशाच्या 20 वर्षे पुढे धावण्याची प्रतिज्ञा या नगराच्या नावाने झाली!

प्रतिज्ञा वाईट होती, असे आमचे म्हणणे नाही. अवर्षणाचे चटके सोसणाऱ्या मराठवाड्याला हवामानाची चिंता कोणी शिकवावयास नको. प्रश्न आहे तो ती केली कोणी, हा. महापालिकेची मुदत एप्रिल 2020 मध्ये संपली होती. त्यानंतर जानेवारी 2026 मधील निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ठराव मांडावयास, विरोध नोंदवावयास वा खर्च विचारावयास लोकनियुक्त सभागृहच नव्हते. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे म्हणतात ते याहून निराळे काय?

ही वचने कायद्याने बंधनकारक नाहीत, असा युक्तिवाद केला जाईल. तसे असेल, तर त्यांचा दाखला देऊन एक रुपयाही खर्ची टाकता कामा नये. आणि ती बंधनकारक मानावयाची असतील, तर सभागृहाच्या संमतीवाचून ती देताच येणार नाहीत. दोन्ही बाजूंनी बोलण्याची सवलत सार्वजनिक पैशाच्या बाबतीत कोणालाच नाही. यामुळे चांगली कामे अडतील, ही भीतीही व्यर्थ होय. वृक्ष, विजेवरील बसगाड्या वा सौरऊर्जा यांची उपयुक्तता स्वतःच्या गुणांवर सिद्ध होते. त्यांना परदेशी सनदेची गरज नाही.

ज्या शहराची पाणीयोजना 1680 कोटींवरून 2740 कोटींवर गेली, तेथील करदात्याला हिशेब विचारण्याचा अधिकार इतरांहून काकणभर अधिकच आहे. यास्तव विधिमंडळाने स्पष्ट नियम करावा: आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे कोणतेही वचन, अपेक्षित खर्चासह, संबंधित सभागृहापुढे ठेवून मंजूर झाल्यावाचून त्यापोटी खर्च होऊ नये. आणि नव्या महापालिकेने या नियमाची वाट न पाहता 2021 चे ते वचन पटलावर आणावे. पटले तर ते उघडपणे स्वीकारावे, न पटले तर उघडपणे नाकारावे. लोकांनी मान्य केलेले वचनच लोक पाळतात. इतर वचने केवळ दप्तरात राहतात.