दिवेआगरचं बुकिंग २४ चं, पावती ३१ ची: असं का होऊ शकतं?

२०२६ चा २६ जानेवारी सोमवारी, म्हणजे सलग तीन दिवस सुट्टी. अशा वेळी मुंबई-पुण्याची गर्दी दिवेआगरला वळते. पूर्वी खोली फोनवर ठरायची आणि मालक वहीत तारीख लिहायचे. आता बरंच बुकिंग मोबाईलवरून होतं आणि तारीख सर्व्हर लिहितो.

समजा, तुम्ही २४ जानेवारी निवडली, पण पावतीवर आलं ३१ जानेवारी. पैसे कापले गेले. तुम्ही पोरंबाळं घेऊन दारात, आणि खोलीत दुसरंच कुटुंब. मालक खोटं बोलत नाही, तुम्हीही नाही. मग चुकलं कोण?

मी सर्व्हरचा कोड लिहितो, त्यामुळे माझा पहिला संशय तारीख लिहिणाऱ्या ओळीवर जातो. सर्व्हर एकाच वेळी अनेक ग्राहकांची कामं करतो. अशा प्रत्येक कामाचा स्वतंत्र प्रवाह म्हणजे थ्रेड. जावा भाषेत तारीख लिहायला-वाचायला ‘सिंपलडेटफॉरमॅट’ नावाचा जुना क्लास आहे. त्याच्या पोटात एकच कॅलेंडर असतं, आणि काम करताना तो तारीख त्यातच मांडतो.

हे कॅलेंडर म्हणजे एक सामायिक पाटी समजा. तुमच्या थ्रेडने पाटीवर २४ लिहिलं. ते वाचून पावतीवर उतरवायच्या आत दुसऱ्याच्या थ्रेडने पुसून ३१ लिहिलं. आता तुमचा थ्रेड काय वाचणार? ३१! कधी कधी प्रोग्राम एरर देऊन थांबतो, ते एकवेळ बरं. पण बऱ्याचदा एरर येतच नाही, चुकीची तारीख गुपचूप साठवली जाते. खरा धोका तो.

हा दोष लपलेला नाही. प्रत्येक थ्रेडला वेगळा फॉरमॅटर द्या, असं जावाच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय. २०१४ मध्ये जावा ८ सोबत ‘डेटटाइमफॉरमॅटर’ आला. तो एकदा बनवला की बदलत नाही, म्हणून कितीही थ्रेडनी एकत्र वापरला तरी चालतो. अँड्रॉइडमध्ये तो आवृत्ती ८ पासून आहे.

तरी जुना क्लास टिकून आहे, कारण चालू असलेल्या कोडला हात लावायला कुणी धजत नाही. शिवाय टेस्टिंग बहुतेकदा एकेकट्याने होतं. तेव्हा पाटी पुसायला दुसरा कुणी नसतोच. गर्दी दोष निर्माण करत नाही, फक्त उघडा पाडते. म्हणून ‘लोड जास्त होता’ हे उत्तर मला पटत नाही. सुट्टीत लोड येणार हे कॅलेंडर बघूनही कळतं.

कोडिंग शिकत असाल, तर जुनं उदाहरण कॉपी करताना हा क्लास ‘स्टॅटिक’ करून सगळ्यांत वाटलाय का, ते बघा. आणि फिरायला निघाला असाल, तर पावतीवरची तारीख लगेच वाचा, स्क्रीनशॉट ठेवा आणि निघायच्या आदल्या दिवशी मालकांना एक फोन कराच.