रोज एकदा व्हायलाच हवं?

एक दिवस पोट साफ झालं नाही, की आमच्या दादीअम्मा चूर्णाची डबी काढतात. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात डॉ. हीटन व सहकाऱ्यांनी सुमारे १९०० स्त्री-पुरुषांकडून शौचाची माहिती घेतली. १९९२ साली ती छापून आली. रोज ठरलेल्या वेळी शौचाला होणारे पुरुष ४० टक्के, स्त्रिया ३३ टक्केच! दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, त्रास नसेल तर डॉक्टर ठीकच मानतात. दादीअम्मांना पटलं नाही, ते सोडा.

पण शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारं वजन, अचानक बदललेली सवय याला मूळव्याध समजून अंगावर काढू नका. आमच्या एका खालांनी रक्त जातंय हे शरमेपोटी वर्षभर लपवलं. रमजानात सहेरीला चक्कर येऊन पडल्या, तेव्हा घरात कळलं.