पेट्रोल प्यायलेली गादी

जुन्या विलीस जीपची पेट्रोलची टाकी थेट चालकाच्या सीटखाली असते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी जीपमध्ये तर गादी उचलल्याशिवाय टाकीचं झाकणच दिसत नसे. त्यामुळे दिल्ली-गुरुग्रामात कुणी अशी गाडी जिवापाड जपत असेल, तर टाकीला गंजाने पडलेलं टाचणीएवढं भोक आधी नाकाला कळतं. तोवर गादीचं व्हायचं ते झालेलं असतं. फोम फुगून मऊ पडतो, डिंक सुटतो आणि रेक्झिन मात्र उलट कडक होऊन चिरतं. असा फोम धुऊन, वाळवून वाचत नाही. वास जात नाही आणि आगीची भीतीही. तो काढून टाकाच. पण त्याआधी टाकी उतरवा, आणि रिकामी आहे म्हणून तिला वेल्डिंगची ठिणगी दाखवू नका. तळाशी उरलेली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते. सीटचा लोखंडी सांगाडा मात्र जपा. गंज घासा, प्रायमर द्या, वर जाड कॅनव्हास शिवून घ्या. करोल बागेतल्या चकचकीत सीटकव्हरांचा मोह मला या गाडीसाठी अजिबात पटत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुन्या खासगी गाडीला विंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. तेव्हा फाटकं कव्हर फेकण्याआधी त्याची मापं आणि शिवणीच्या रेघा कागदावर उतरवून ठेवा.