वेदनेची नोंद आणि परिचारिकेचा अखत्यार

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत दुखण्याला एकच शब्द पुरत नाही. जखम ठणकते, पोटात कळ येते, खांद्यातून चमक निघते, हाताला मुंग्या येतात. आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर खाटेला खिळलेला मनुष्य जेव्हा हे शब्द उच्चारतो तेव्हा त्यांत निदानाचे मर्म असते, कारण ठणका बहुधा जखमेचा, तर चमक आणि मुंग्या बहुधा दुखावलेल्या मज्जातंतूंच्या, आणि दोहोंवरील औषधेही निराळी. रात्री दोन वाजता हे शब्द कानी पडतात ते मात्र शल्यविशारदाच्या नव्हे, परिचारिकेच्या.

तंबाखूपायी मुखाचा कर्करोग जडून जबड्याचा भाग काढावा लागलेल्या रुग्णाला तर शब्दही उरत नाहीत. नाकात नळी, मानेवर टाके आणि डोळ्यांत पाणी. जाणती परिचारिका अशा वेळी त्याला हाताची बोटे दाखवायला सांगते: मूठ म्हणजे काहीच दुखत नाही, दहा बोटे म्हणजे सोसवत नाही. “किती दुखायलंय, काका?” काका सात बोटे वर करतात, तो आकडा तापाच्या नोंदीशेजारी तक्त्यावर चढतो, आणि येथेच आपल्या व्यवस्थेची गाडी अडते, कारण सात लिहिण्याची मुभा तिला असली तरी त्या साताचे तीन करण्याचा अखत्यार तिला नाही. डॉक्टरांकडे इतला जाऊन हुकूम येईपर्यंत काकांनी सोसायचे.

स्वीडनमधील अरेब्रू येथे भूलतज्ज्ञ नरिंदर रावल यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात यावर सोपी आणि अल्पखर्चाची तजवीज मांडली: वॉर्डातील परिचारिकेने ठराविक तासांनी वेदना मोजावी, आकडा तीनच्या वर जाताच डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या मर्यादेत औषध द्यावे, आणि भूलतज्ज्ञाने या साऱ्यावर देखरेख ठेवावी.

अशा वेदनेवर दिल्या जाणाऱ्या मॉर्फिनने श्वास मंदावतो, हे भय अनाठायी नाही. परंतु पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजून, झापड वाढताच पुढील मात्रा थांबवून डॉक्टरांना बोलावणारीही परिचारिकाच असते. उलट, शमविली नाही तर वेदनाच घात करते: दुखते म्हणून रुग्ण खोकत नाही, कफ साचून न्यूमोनियाला वाट मिळते, दुखते म्हणून तो उठत नाही, आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. भयाच्या जोडीला कायद्याची अडचणही होती: १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे जे जंजाळ उभे केले त्यामुळे पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट पुष्कळ सुकर केली आहे.

मराठवाड्यातल्या हिंगोलीच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा परळचे टाटा रुग्णालय गाठावे लागते; पण ओल्या जखमेनिशी तो परततो तो सेनगावच्या किंवा औंढ्याच्या परिसरातील आपल्या गावीच, आणि तेथे त्याचा ठणका त्याच्या घरच्यांवाचून कोणाच्याच दप्तरी राहत नाही. २०२४ साली हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. त्याने आणि जिल्हा रुग्णालयाने मिळून लेखी कार्यपद्धती ठरवावी, निवडक परिचारिकांना वेदनाशमनाचे रीतसर शिक्षण द्यावे, आणि परतलेल्या प्रत्येक रुग्णाची विचारपूस त्यांच्याकडे सोपवावी. मात्र खाटा वाढवून परिचारिका तेवढ्याच ठेवल्या, तर हा अधिकार नव्हे, नुसते ओझे होईल, याचेही भान असावे.

सोसणे हा आपल्याकडे गुण मानला जातो, आणि दुष्काळ सोसलेल्या या मुलखात तो गुण खराही आहे. परंतु ज्याचे औषध कपाटात कुलूपबंद आहे ते दुखणे सोसायला लावणे हा अन्याय आहे. वर आलेली ती सात बोटे पाहणाऱ्या परिचारिकेच्या हाती त्या कपाटाची किल्ली, ती वापरण्याचे शिक्षण आणि लेखी अधिकार, तिन्ही असले पाहिजेत.