हजेरीपटाची ताकद

आपल्या अधिकारीवर्गात एक मत इतके रूढ झाले आहे की, ते केवळ मत आहे याचाच विसर पडावा. ते असे : जग बदलते ते वरून. तह, कायदे आणि अर्थसंकल्प ही बदलाची खरी साधने. सामान्य माणसांचे अर्ज, सह्या आणि बहिष्कार हा निव्वळ भावनेचा विलास. मुलुखापासून दूर नोकरी करणारे आपण मराठी लोक गणेशोत्सवाच्या निमित्ताने एकत्र जमतो. बोलता बोलता विषय दूरदेशीच्या एखाद्या अन्यायाकडे वळला, की कोणीतरी समजूतदारपणे म्हणतोच, "आपल्यासारख्यांच्या हातात काय आहे?" तेवढ्यात चहा येतो आणि विषय संपतो. या समजूतदारपणाविरुद्ध मला लिहावयाचे आहे. तो वास्तववादी दिसतो खरा. पण इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देत नाही.

१७८७ च्या मे महिन्यात लंडनमधील एका छापखान्यात बारा माणसे गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन करण्यासाठी जमली. त्यांतील नऊजण क्वेकर होते आणि क्वेकरांना त्या काळी पार्लमेंटमध्ये बसता येत नसे. तो व्यापार कायदेशीर होता, किफायतशीर होता, आणि त्याच्या पाठीशी बंदरांतील धनाढ्य उभे होते. हा व्यापार म्हणजे इंग्रज खलाशांची पाठशाळाच होय, असे त्याचे कैवारी सांगत. समितीतील सत्तावीस वर्षांचा टॉमस क्लार्कसन बंदरोबंदर हिंडला. त्याने जहाजांचे हजेरीपट तपासले आणि त्यांतून खलाशांच्या मृत्यूंची मोजदाद केली. ही पाठशाळा नसून स्मशान आहे, हे त्याने प्रतिपक्षाच्याच कागदांवरून दाखवून दिले. कोणा कारकुनाने बिनचूक लिहून ठेवलेली ती नावे वक्तृत्वापेक्षा प्रभावी ठरली.

१७९१ साली कॉमन्स सभेने बंदीचे विधेयक फेटाळले. तेव्हा चळवळ लोकांच्या चहाच्या टेबलावर आली. गुलामांच्या श्रमातून निघालेली साखर वर्ज्य करणाऱ्यांची संख्या क्लार्कसनच्या अंदाजाने तीन लाखांच्या घरात गेली. घरात साखर आणावयाची की नाही, हे बहुधा स्त्रिया ठरवीत, आणि त्यांना तर मताचाही अधिकार नव्हता. १७९२ साली पार्लमेंटपुढे ५१९ अर्ज आले. तरीही व्यापारबंदीचा कायदा व्हावयास १८०७ साल उजाडावे लागले, आणि ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ साली झाला. त्यातही दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांना छदामही नाही. चळवळींचे विजय असे अपुरे असतात, हे लपविण्याचे कारण नाही. पण अपुरा विजय म्हणजे पराजय नव्हे. पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले. परदेशातील न्यायाशी आपला काय संबंध, असे विचारणाऱ्या मराठी माणसाने ती अर्पणपत्रिका एकदा डोळ्यांखालून घालावी.

हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. तर अलीकडचे घ्या. जुलै १९८४ मध्ये डब्लिन शहरातील एका मोठ्या दुकानात मेरी मॅनिंग या एकवीस वर्षांच्या तरुणीने दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या ग्रेपफ्रूटचे पैसे गल्ल्यावर नोंदविण्यास नकार दिला. तिच्या संघटनेचा तसा आदेश होता. तिला निलंबित करताच तिचे मूठभर सहकारी तिच्यासह संपावर गेले. वर्णविद्वेषाच्या राजवटीविषयी त्यांना आरंभी फारशी माहिती नव्हती. निर्वासित होऊन आलेले दक्षिण आफ्रिकी कामगार नेते निमरॉड सेजाके यांनी त्या रांगेत उभे राहून त्यांना ती दिली. हा संप जवळजवळ तीन वर्षे चालला, आणि १९८७ साली आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळा-भाजीपाल्याची आयात बंद केली.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. हिंदुस्थान सरकारने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६ सालीच, आणि हा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात नेला तोही त्याच वर्षी. मग श्रेय सरकारचे, की गल्ल्यावरील मुलीचे? पण त्याच १९४६ साली डर्बनमध्ये सामान्य हिंदी माणसे जमिनीविषयीच्या जुलमी कायद्याविरुद्ध सत्याग्रह करून तुरुंगात जात होती, हे विसरून कसे चालेल? आणि एका सरकारच्या बंदीने ती राजवट कोसळली नाही. तेथे सर्वांना मताधिकार देणारी पहिली निवडणूक १९९४ साली झाली. दरम्यानच्या अठ्ठेचाळीस वर्षांत देशोदेशींच्या ग्राहकांनी, गोदी कामगारांनी, विद्यार्थ्यांनी आपापल्या सरकारांना हलवावे लागले. सरकारे निर्णय घेतात हे खरे. परंतु तो घेण्यावाचून गत्यंतर नाही अशी स्थिती बहुधा दुसरेच कोणी आणतात.

आता आपल्या वर्गाचे आवडते उत्तर : 'आमचे हात नियमांनी बांधलेले आहेत.' १९६४ चे वर्तणूक नियम मलाही ठाऊक आहेत. राजकीय पक्षात शिरू नये, निवडणुकीत प्रचार करू नये, सरकारवर जाहीर टीका करू नये, मान्य. पण आपल्या टेबलावर आलेला अर्ज न वाचता 'दफ्तरी दाखल' असा शेरा मारावा, असे कोणता नियम सांगतो? बाजारात काय घ्यावे आणि काय घेऊ नये, हे कोणता नियम ठरवितो? आपण ज्याला नियमाचे बंधन म्हणतो, ते पुष्कळदा सवयीचे बंधन असते.

राजस्थानातील मजुरांनी हे आपल्याला चांगलेच शिकविले आहे. १९९० साली स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने मागितले ते काय? क्रांती नव्हे, दुष्काळी कामांचे हजेरीपट आणि खर्चाची बिले. १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावण्या झाल्या; कागदावरील नावे मोठ्याने वाचली गेली आणि खोटी नावे, खोटी कामे उघडी पडली. १९९६ साली ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे चालले, आणि २००५ साली सबंध देशाला माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला. नकार देत बसलेले लोक परके नव्हते. ते आपल्याच वर्गाचे होते, आणि त्यांची सारी शक्ती एका बंद कपाटात होती.

क्लार्कसनचे हजेरीपट आणि या मजुरांचे हजेरीपट यांत दोनशे वर्षांचे अंतर आहे. पद्धत मात्र एकच. अन्याय कितीही दूरचा असो, तो कोठेतरी साखरेच्या वाटीपर्यंत, गल्ल्यापर्यंत, नोंदवहीपर्यंत येऊन पोहोचतोच. तेथे त्याला गाठावे. 'जग सुधारा' असे न म्हणता, 'अमुक माल घेऊ नका', 'अमुक कागद दाखवा' असे मागावे. ज्याच्या हाती ते देणे आहे त्याच्याकडेच मागावे, आणि नकार आला तरी पुन्हा मागावे. एका वर्षात फळ मिळेल असे मानू नये, आणि मिळणार नाही म्हणून सुरुवातही टाळू नये.

आपण अधिकारी या साखळीच्या बाहेर नाही, नेमके मध्यावर बसलो आहो. जगातील पुष्कळसा अन्याय सही-शिक्क्यानिशी चालतो, आणि सही-शिक्का आपल्या हाती आहे. म्हणून 'आपल्या हातात काय आहे' हा प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला तर तो निराशेचा म्हणता येईल. आपण विचारला, तर ती सबब आहे.