शेगाव कचोरी जन्मली रेल्वे स्टेशनवर, पण आज या नावावर हक्क कोणाचा?

विदर्भ एक्सप्रेस किंवा महाराष्ट्र एक्सप्रेस शेगावला थांबली की डब्यात दोन प्रकारची माणसं हलतात. काही जण बॅगा उचलून दाराकडे जातात, ते गजानन महाराजांच्या दर्शनाला आलेले असतात. बाकीचे खिडकीतून हात बाहेर काढतात. त्यांना उतरायचं नसतं, त्यांना फक्त कचोरी हवी असते.

आता ही कचोरी खायला शेगावला जायचीही गरज राहिलेली नाही. नागपूर, अकोला, पुणे, कुठेही जा, 'शेगाव कचोरी' अशी पाटी दिसतेच. पण ही पाटी लावायचा हक्क नेमका कोणाला आहे? ज्यांनी कचोरी सुरू केली त्यांना, शेगावच्या सगळ्याच कचोरीवाल्यांना, की कोणालाही?

प्रश्न साधा वाटतो, पण अशाच प्रश्नावरून दिल्लीत बटर चिकन कोर्टात गेलंय आणि कोल्हापुरी चपलेवरून थेट इटलीपर्यंत वाद झालाय.

कचोरी शेगावात आली कशी?

बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव हे मुंबई-नागपूर मार्गावरचं गाव. १८६७ मध्ये भुसावळकडून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि शेगाव या मोठ्या लाईनवर आलं. पुढे १८७८ मध्ये गजानन महाराज शेगावात प्रकट झाले, १९१० मध्ये त्यांनी समाधी घेतली आणि गावाकडे भक्तांचा ओघ सुरू झाला. थोडक्यात, गिऱ्हाईक आधीच तयार होतं.

मग आली फाळणी. पंजाबातून जी लाखो कुटुंबं भारतात आली, त्यातलेच एक होते तीरथराम शर्मा. ते शेगावात आले आणि १९५० च्या सुमारास त्यांनी रेल्वे स्टेशनवरच्या कॅन्टीनमध्ये कचोरी विकायला सुरुवात केली. शेगाव कचोरीची गोष्ट इथून सुरू होते.

कचोरी हा काही मूळचा वऱ्हाडी पदार्थ नाही. उत्तर भारतात तो आधीपासून होताच, पण शेगावच्या कचोरीने स्वतःचा वेगळा थाट जमवला. आकाराने लहान, आत मुगाच्या डाळीचं तिखट सारण आणि सोबत तळलेली हिरवी मिरची. वरून दही नाही, पातळ चटणी नाही.

यामागचं गणित सोपं आहे. गाडी दोन-चार मिनिटं थांबणार. तेवढ्यात पैसे द्यायचे, पुडा घ्यायचा आणि गाडी सुटली की खायचं. प्लेट नको, चमचा नको. सारण कोरडं असल्यामुळे गार झाली तरी चालते आणि घरच्यांसाठी बांधून नेता येते. म्हणजे ही कचोरी फलाटाच्या घाईत चपखल बसणारी आहे.

दुकानाचं नाव मागे पडलं, गावाचं पुढे आलं

गाडीतल्या प्रवाशाला स्टॉलवाल्याचं नाव लक्षात राहत नाही, स्टेशनचं राहतं. म्हणून कर्जतचा वडा, लोणावळ्याची चिक्की, आग्र्याचा पेठा. तसंच 'शेगावची कचोरी'.

याचा फायदा गावाला झाला. स्टेशनबाहेर, मंदिराच्या रस्त्यावर, बसस्थानकाजवळ दुकानं उभी राहिली. कचोरी लाटणाऱ्या, तळणाऱ्या, विकणाऱ्या हातांना काम मिळालं. पण एका कॅन्टीनने कमावलेलं नाव सगळ्यांचं झालं आणि त्याची चव सांभाळायची जबाबदारी मात्र कोणाचीच उरली नाही.

ट्रेडमार्क घेतला की प्रश्न मिटतो का?

पूर्णपणे नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार, जे शब्द फक्त वस्तूचा प्रकार किंवा ती कुठली आहे एवढंच सांगतात, त्यांची नोंदणी सहसा होत नाही. 'शेगाव' हे गाव आणि 'कचोरी' हा पदार्थ. एखादा दुकानदार स्वतःचं आडनाव, लोगो किंवा वेष्टन सुरक्षित करू शकतो. पण नुसतं गाव आणि पदार्थ हे नाव आपलंच आहे असं म्हणायचं, तर लोक त्या नावाने फक्त आपल्यालाच ओळखतात हे त्याला सिद्ध करावं लागतं. गल्लोगल्ली पाट्या लागल्यावर ते जवळपास अशक्य होतं.

दिल्लीतलं उदाहरण बघा. 'मोती महल' चालवणाऱ्या गुजराल कुटुंबाने २०२४ मध्ये 'दर्यागंज' या रेस्टॉरंट साखळीविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला. वाद होता की बटर चिकन आणि दाल मखनीचा शोध कोणी लावला. एका बाजूला कुंदनलाल गुजराल यांचा वारसा, दुसऱ्या बाजूला कुंदनलाल जग्गी यांचा. दोघेही फाळणीत पेशावरहून आलेले आणि एकेकाळचे भागीदार. एकाच स्वयंपाकघरातून निघालेल्या पदार्थावर पुढच्या पिढ्या भांडतायत.

मग जीआय हा पर्याय आहे का?

जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन. याचा कायदा १९९९ चा, पण तो लागू झाला २००३ मध्ये. हे मानांकन एका माणसाला किंवा कुटुंबाला मिळत नाही. उत्पादकांची संघटना, संस्था किंवा सरकारी प्राधिकरणालाच अर्ज करता येतो. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचं नूतनीकरण होतं.

शिजवलेल्या आणि तळलेल्या पदार्थांनाही जीआय मिळतो. बिकानेरी भुजिया आणि हैदराबादी हलीमला तो २०१० मध्ये मिळाला. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा भांडले, तेव्हा २०१७ मध्ये बंगालच्या आणि २०१९ मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला वेगवेगळं मानांकन मिळालं, कारण दोन्ही प्रकार वेगळे असल्याचं मान्य झालं.

पण शेगावसाठी यात तीन पेच आहेत.

पहिला पेच व्याख्येचा. जीआयसाठी पदार्थ कागदावर मांडावा लागतो. सारणात काय असावं, पारी कशी असावी, वजन किती? यावर गावातले सगळे कचोरीवाले एकत्र बसून एकमत करणार का?

दुसरा पेच पुराव्याचा. मूगडाळ आणि मैदा काही शेगावच्याच मातीत पिकतात असं नाही. कायदा 'नावलौकिक'ही ग्राह्य धरतो, पण तो जुन्या कागदांवरून दाखवावा लागतो. म्हणजे रेल्वेचे परवाने, बिलं, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणं. हे सगळं पुन्हा त्या जुन्या कॅन्टीनपाशीच येऊन थांबतं.

तिसरा पेच हक्काचा. जीआय मिळाला तर सुरुवात करणाऱ्यांना आणि काल दुकान टाकणाऱ्याला, नियम पाळले की सारखाच हक्क. उलट गावाबाहेरच्या दुकानांना हे नाव वापरणं कठीण होईल.

आणि नुसता जीआय पुरतो असंही नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्येच तो मिळाला होता. तरी जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल आणली, तेव्हा कोल्हापूरचं नाव कुठेच नव्हतं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने या चपलेची प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. भारतातला जीआय परदेशात आपोआप लागू होत नाही, हे त्यातून कळलं.

आत्ताच हा विषय का महत्त्वाचा?

कारण जिथे ही गोष्ट सुरू झाली ते स्टेशन बदलतंय. ६ ऑगस्ट २०२३ रोजी अमृत भारत योजनेत देशातल्या ५०८ स्टेशनांच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली, त्यात शेगावही होतं. फलाटावरचा स्टॉल कोणाच्या मालकीचा नसतो, तो परवान्यावर चालतो. नव्या इमारतीत नवे गाळे येतात, नव्या निविदा निघतात आणि निविदेत इतिहासाला सहसा मार्क नसतात.

२०२२ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेली 'एक स्टेशन एक उत्पादन' योजना स्थानिक वस्तूंना फलाटावर जागा देते. शेगाव स्टेशनवर कचोरी कायम मिळत राहील, यात शंका नाही. पण कोणती मूळची आणि कोणती नावापुरती, हे प्रवाशाला कसं कळणार? त्यासाठी गावातल्या कचोरीवाल्यांना एकत्र येऊन आधी एक गोष्ट लिहून काढावी लागेल, ती म्हणजे शेगाव कचोरी नेमकी कशाला म्हणायचं.